‘अस्सल’ची झीज : विक्रीच्या भाषेतील विशेषणांविषयी

जाहिरातीच्या भाषेवर सामान्यतः अतिशयोक्तीचा आक्षेप घेतला जातो. तिचा अधिक गंभीर दोष शब्दांची झीज हा आहे. ‘अस्सल’, ‘दर्जेदार’, ‘पारंपरिक’, ‘घरगुती’ ही विशेषणे अतिवापराने झिजतात असे मानण्याची प्रथा आहे. परंतु ‘पाणी’ किंवा ‘भाकरी’ हे शब्द त्यांहून कितीतरी अधिक वेळा उच्चारले जाऊनही झिजत नाहीत. तेव्हा झिजेचे कारण केवळ आवृत्तीत नव्हे, तर विरोधी पद हरवण्यात शोधले पाहिजे.

अरबीतून आलेला ‘अस्सल’ हा शब्द मराठी दप्तरात ‘नक्कल’ या शब्दाच्या जोडीने वावरत असे. अस्सल म्हणजे मूळ कागद आणि नक्कल म्हणजे त्यावरून उतरलेली प्रत. दोन्ही समोर ठेवून ताडून पाहता येत. जाहिरातीत कोणीच आपला माल नक्कल म्हणून विकत नाही. त्यामुळे तेथे ‘अस्सल’ला प्रतियोगी उरत नाही आणि पडताळ्याची सोयही उरत नाही. मम्मटाने रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला आहे. दर्भाशी असलेला त्याचा व्युत्पत्तिसंबंध लोपला, तरी ‘निपुण’ हा अर्थ स्थिरावला. विक्रीच्या विशेषणांत मूळ अर्थ लोपतो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही.

या दृष्टीने दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरालगतचे, १९९४ साली सुरू झालेले दिल्ली हाट लक्षणीय आहे. येथे प्रांतोप्रांतीची हस्तकला आपल्या प्रदेशापासून दूर, अनोळखी ग्राहकासमोर मांडली जाते. ओळखीची उणीव विशेषणाने भरून काढण्याचा मोह अशा ठिकाणी स्वाभाविक असतो. ‘अस्सल कोल्हापुरी’ हा शब्दप्रयोग त्यातलाच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. या सीमांकनाने ‘अस्सल’ला त्याची ‘नक्कल’ परत मिळवून दिली, असे म्हणता येईल.

मात्र झिजलेली विशेषणे गाळली म्हणजे भाषा प्रामाणिक होते, असेही नाही. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्रादा या कंपनीने कोल्हापुरीसारखी पादत्राणे सादर केली, तेव्हा प्रारंभी त्यांचे वर्णन केवळ ‘चामडी सँडल’ असे होते. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. मूळ वर्णनात एकही गुळगुळीत शब्द नव्हता. नव्हते ते नाव, आणि त्या नावासोबत येणारे कारागीर.

म्हणून टाळावयाच्या शब्दांची यादी करणे किंवा ‘अस्सल’ऐवजी ‘खरेखुरे’ लिहिणे हा उपाय ठरत नाही. कोणते कातडे, कोणत्या सालीने कमावलेले, कोणत्या गावी शिवलेले, हे सांगणारे वाक्य खोटे ठरवता येते. आणि ज्याला खोटे ठरवता येते, त्याच वाक्यावर वाचकाला विश्वास ठेवता येतो.