अंगात येणे आणि चित्रपटांतील बहुव्यक्तित्व

डोळखांबच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या वस्त्यांतून, एखादी स्त्री एकाएकी निराळ्या स्वरात बोलू लागली तर तिच्या अंगात आले असे म्हणतात. हा वाक्प्रयोग सबंध महाराष्ट्राचा आहे. तथापि त्याची घडण क्वचितच कोणी न्याहाळून पाहिली असेल. वाक्याचा कर्ता देवी, वारे किंवा कोणी मृत माणूस. त्या स्त्रीचे अंग सप्तमीत, केवळ स्थळ म्हणून. आणि ती स्वतः षष्ठीत, त्या स्थळाची धनीण एवढ्यापुरतीच. वैद्यक म्हणते, ‘तिला विकार आहे’. येथे ती चतुर्थीत येते, भोगणारी म्हणून. चित्रपट मात्र म्हणतो, ‘ती मंजुलिका झाली’. कर्ता तीच, क्रियाही तिचीच. आणि मग ओघानेच अपराधही तिचाच.

मंजुलिका हे नाव प्रियदर्शन यांच्या ‘भूल भुलैया’ (2007) या हिंदी चित्रपटातले. त्याचे मूळ फाझिल यांच्या ‘मणिचित्रताळ्’ (1993) या मल्याळम चित्रपटात आहे. मूळ कथेतील गंगा तामिळ बोलू लागते. ‘चंद्रमुखी’ (2005) या तामिळ अवतारात हीच नायिका तेलुगू बोलते. हिंदीतील अवनी बंगाली बोलते. प्रत्येक भाषेने आपल्या घरातील वेडाला शेजारणीची भाषा दिली आहे, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही. ‘रात और दिन’ (1967) मध्ये नर्गिसने रंगविलेली दिवसाची वरुणा रात्री पेगी होते, तेव्हाही परकेपणाची खूण नावातूनच पटविली जाते. (या भूमिकेसाठी नर्गिसला अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.) शंकर यांच्या तामिळ चित्रपटाचे तर ‘अन्नियन’ (2005) हे नावच ‘परका’ या अर्थाचे आहे.

पडद्याला ही सोय हवी असते, हे मान्य केले पाहिजे. आतील पालट दाखवावयाचा तर कानाला चटकन कळणारे काही हवेच. परंतु कधी कानावरही न पडलेली भाषा कोणाही माणसाला बोलता येत नाही. या विकारात आढळणारे पालट पुष्कळदा अगदी बारीक असतात: आवाजाची पट्टी, बोलण्यातले वय, आणि विशेषतः स्मृतीतील खंड. त्याचे मूळ बहुधा बालपणीच्या दीर्घ छळात सापडते. निदानाविषयी तज्ज्ञांत वाद आहेत. उपचार मात्र संथ संभाषणाचा आणि वर्षानुवर्षांचा, याविषयी फारसा वाद नाही. ‘भूल भुलैया’त तो एका रात्रीत, शत्रूच्या जागी बाहुला ठेवून, उरकतो. डॉक्टर आणि विक्रम गोखले यांनी साकारलेले आचार्य तेथे हातात हात घालून उभे राहतात. प्रेक्षक टाळ्या देतो खरा. पण त्याला विज्ञान पटले की मांत्रिक, हे सांगणे कठीण आहे.

या बाबतीत खेड्यातील अंगात येणे चित्रपटाहून अधिक सूक्ष्म आहे. अंगात आलेली सून सासऱ्याला ‘अरे’ म्हणते, थोरल्या दिराला आज्ञार्थात बोलते, मागणे मागते. घरची माणसे तिला ‘आई’ म्हणून हात जोडतात. एरवी ज्या सर्वनामाचा तिला अधिकार नाही ते ती वापरते, आणि वारे ओसरल्यावर त्या बोलण्याचा जाब तिला कोणी विचारीत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेने 2013 मध्ये ‘झपाटल्याचा अनुभव’ या विकाराच्या लक्षणांत समाविष्ट केला. पण मान्य रूढीचा भाग असलेले घुमणे मात्र वगळले. हा भेद चित्रपटाला साधत नाही. नवऱ्याने बाहेर जाऊ दिले नाही म्हणून गंगेची भाषा पालटते, हा ‘मणिचित्रताळ्’मधील प्रसंग त्या भेदाच्या अगदी जवळ येतो, पुढच्याच क्षणी ती एका हाताने पलंग उचलते आणि प्रेक्षकाच्या मनात केवळ भीती उरते.

याचा अर्थ भगताकडे सोपवावे असा मुळीच नाही. अंगातले काढण्यासाठी मारहाण होते, चटके दिले जातात. महाराष्ट्राला 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो याच कारणाने. ज्या मुलीला उपचार हवा आहे तिला ‘देवी’ म्हणून घरात ठेवणेही क्रूरच. पण तिच्या आईबापांना रुग्णालयाची वाट धरण्याचे धैर्य यावे, असे या चित्रपटांत काय आहे? विकार म्हणजे हातात शस्त्र घेतलेली स्त्री, एवढेच त्यांनी पाहिलेले असते. तिच्यापेक्षा देवी बरी, असे त्यांना वाटले तर नवल नाही.

मराठीची अडचण आणखी एक. ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ हा शब्द बोलण्यात छिन्नमनस्कतेसाठीही वापरतात, आणि त्यामुळे दोन अगदी भिन्न आजार एकाच नावाखाली जातात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’चा (2004) विषय छिन्नमनस्कता हा आहे, बहुव्यक्तित्व नव्हे. परंतु अतुल कुलकर्णी यांचा शेष बहिणीच्या घरी राहतो, चिडतो, घाबरतो, आणि चित्रपट त्याला राक्षस करीत नाही. बहुव्यक्तित्वावर अशा जातीचा चित्रपट मराठीने अद्याप केलेला नाही. हिंदीत तर 2022 मध्ये ‘भूल भुलैया’चा दुसरा भाग आला, आणि त्यातले भूत तर खरोखरचेच निघाले.