नाचणाऱ्यानेच पैसे मोजायचे?

पुण्या-मुंबईत नृत्यमहोत्सवांची एक नवी रीत रुजली आहे. पत्रिकेवर ‘प्रवेश विनामूल्य’ आणि नर्तकीकडून ‘सहभाग शुल्क’. शुल्क भरा, आठ मिनिटे नाचा, स्मृतिचिन्ह घ्या, फोटो टाका. प्रेक्षागृहात निम्मे लोक नाचणाऱ्यांचे नातेवाईक. वर्गणी काढून सभागृहाचे भाडे भरण्याला महोत्सव का म्हणायचे?

कथक आणि भरतनाट्यम आज आपल्याकडे जगतात ते क्लासच्या फीवर. कथक नर्तकी रोहिणीताई भाट्यांनी 1947 साली ‘नृत्यभारती’ सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने नाचणे हेच धाडस होते. आता गांधर्व मंडळाच्या परीक्षा आहेत, दहावीचे वाढीव गुण आहेत; क्लासला मुलींची वानवा नाही. उत्तमच. पण रंगमंचही त्याच फीवर पोसला जाऊ लागला की काय दिसते? चाळीस मुली, चार रांगा. प्रत्येक पालकाला आपली लेक पुढे दिसली पाहिजे, म्हणून दोन-चार आवर्तनांत रांगा बदलतात आणि त्याला समूहरचना म्हणतात. तबला, पेटी, गायक, पढंत असा ताफा बोलवायचा तर बिदागी आली, तालमींचे पैसे आले. म्हणून साथ ध्वनिमुद्रित. मग उपज, म्हणजे ऐन वेळी सुचलेली भर, कुठून येणार? तबलजी अडवणार नाही, नर्तकी निसटणार नाही. तिहाई समेवर पडणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक. पैशाची अडचण अशी थेट लयीत उतरली आहे, आणि आमचे समीक्षक अजून वेशभूषेवर परिच्छेद लिहितात.

लग्नातले ‘संगीत’ बसवून देणारे स्टुडिओ चोख कमावतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही आणि लिहिण्यासारखेही काही नाही. डीजेवरच्या ‘लावणी’त लावणी शोधू नये.

खरे शिकायचे तर लावणीच्या संगीतबारीकडून. पुण्याचे आर्यभूषण असो की चौफुल्याची थिएटरे, तिथे एकेक पार्टी आपल्या बारीला उभी राहते आणि समोरचा रसिक पैसे मोजून बसलेला असतो. ढोलकीवाला, पेटीवाला पार्टीचाच. बैठकीत तीच ओळ पुन्हा मागितली जाते आणि बाई बसल्या जागी ती पुन्हा करते. या खेपेला अर्थ नुसत्या भुवईत, पुढच्या खेपेला पदराच्या टोकात. लावणी कलावंत यमुनाबाई वाईकरांची अदा याच बाजारात घडली. पद्मश्री त्यांना 2012 साली मिळाली, म्हणजे फार उशिरा. भूषण कोरगावकरांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांनी त्याच नावाने रंगमंचावर आणलेला प्रयोग यांनी हीच अदा नाट्यगृहात नेली. शकुंतलाबाई नगरकरांना तिथे पाहताना उपज म्हणजे काय, ते कळते. हा बाजार निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. रसिकांनी पैसे उधळण्याच्या दौलतजादेत अपमानही आहे, आणि तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचे अखेरचे हाल महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण तिथे नाचणारीकडून कोणी सहभाग शुल्क घेत नाही!

सरकारवर किती विसंबायचे? केंद्राच्या गुरु-शिष्य योजनेत गुरूला महिना 15 हजार. शास्त्रीय आणि लोकनृत्याच्या कार्यक्रमाचे दीड लाखापर्यंतचे मानधन जीएसटीमुक्त आहे. या सवलतीची मर्यादा ओलांडणारी नर्तकी महाराष्ट्रात कितीदा सापडेल, ते वाचकांनीच सांगावे. पाचशेपर्यंतच्या तिकिटालाही जीएसटी नाही. म्हणजे आयोजकांची अडचण कराची नव्हेच. त्यांना भीती वाटते ती तिकीट लावले तर खुर्च्या रिकाम्या राहतील याची. राहू द्या की! तीनशे फुकट्यांपेक्षा तिकीट काढून आलेले साठ जण नर्तकीला जास्त शिकवतील. ते कंटाळले तर उठून जातील, आणि ते उठून जाणे पाहिल्याशिवाय रचना सुधारत नाही.

‘कला विकायची नसते’ असे म्हणणारे गुरू महिन्याच्या एक तारखेला फी घेतातच. मग शिकवणे विकता येते आणि नाचणे नाही, हा कुठला न्याय? आपल्या घराण्यांच्या आद्यपुरुषांनी दरबारात बिदागी घेतलीच होती. गुरूंनी शिष्येला पैसे भरून नाचायला पाठवणे आधी बंद करावे. आणि रसिकहो, पुढच्या पत्रिकेवर ‘प्रवेश विनामूल्य’ दिसले, तर आयोजकांना फोन करून नर्तकीला आणि तबलजीला किती देणार, ते विचारा.