नवख्याला बसायला जागा द्या

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इकडच्या मराठी घरांतली पोरं शाळेत कन्नड शिकतात आणि बाजारात दखनी बोलतात. इंग्रजीचा नंबर त्यानंतर. त्यांच्यातल्या कुणी टेबलाभोवती बसून भूमिका घेऊन खेळायच्या खेळांविषयी ऐकलं आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं २०२४चं खेळाडूंचं पुस्तक उघडलं, तर समोर येतात इंग्रजीतली ३८४ पानं. एवढं वाचून मग खेळायचं, म्हणजे खेळ कसला, परीक्षाच ती!

दुखणं जुनंच आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी या खेळाच्या पहिल्या तीन पुस्तिका काढल्या, तेव्हा वाचकाकडे ‘चेनमेल’ हा युद्धखेळ असणारच, असं त्यांनी धरून टाकलं होतं. खरं वळण आलं ते याच खेळाच्या १९८३च्या लाल पेटीत. फ्रँक मेंट्झरनं नियमांची जंत्री देण्याआधी वाचकाला एकट्यालाच गुहेत उतरवलं. तिथं अलीना भेटते, मदत करते आणि बार्गल नावाचा मांत्रिक तिला मारतो. तिच्या मरणाचा चटका बसतो तोवर फासा कधी टाकायचा, जखम कशी मोजायची हे वाचकाच्या अंगवळणी पडलेलं असतं. शिकवण्याच्या बाबतीत याच्यापुढं फारसं कुणी गेलेलं नाही, असं माझं मत.

२०१४ची स्टार्टर पेटी नेटकी होती: पाच तयार पात्रं, ३२ पानांत नियम. पण पहिल्याच वाटेवर गॉब्लिन असे दबा धरून बसलेले, की नवशिकी पात्रं सहज आडवी होतात. मुरलेला गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, तिथं हात आखडता घेतो. पण पेटी तर नवख्या गेम मास्टरसाठीच होती ना!

शेवटी सगळं येऊन ठेपतं ते या गेम मास्टरवरच. उत्तर कर्नाटकातल्या दोड्डाट या लोकनाट्यात पात्र रंगमंचावर आलं की सारथी त्याला विचारतो, तू कोण, कुठला, कशाला आलास? उत्तर देता देता पात्र उभं राहतं. व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळानं (२०१०) हीच रीत गेम मास्टरला नियम म्हणून घालून दिली: खेळाडूला प्रश्न विचार आणि त्याच्या उत्तरावर पुढची गोष्ट रच. कच्चा गेम मास्टर नुसतं “आता तू काय करतोस?” म्हणतो आणि पोरगं गप्प होतं. जाणता म्हणतो, “दिवा तुझ्या हातात आहे. मागं कुणीतरी खोकलं. दिवा विझवणार, की वळून बघणार?” एवढ्यानं जीभ सुटते. नियम मग ओघानं येतात.

आणि अशा साहसांना लागणारी भुयारं आपल्याकडे काय कमी आहेत? बिदरजवळ नौबादला बहामनी काळातली करेझ आहे. जमिनीखालून पाणी नेणारा बोगदा आणि त्यात उजेड सोडणाऱ्या विहिरींची रांग. परक्या किल्ल्याचा नकाशा कशाला हवा?

जानेवारी २०२३मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय दिलं की कुणीही त्यांचं भाषांतर करावं, छापावं, वाटावं. सगळं पुस्तक मराठीत आणायच्या भानगडीत मात्र कुणी पडू नये. दोन पानी नियम, चार तयार पात्रं आणि नौबादच्या करेझमधलं एक साहस, शेजारी कन्नड मजकूर. भालकी-आळंदच्या एखाद्या शिक्षकानं येत्या सुट्टीत एवढं लिहून काढावं.