गुप्तधनाच्या कथा आणि एकोडीची वही

गुप्तधन हा आमच्या कथावाङ्मयाचा फार जुना विषय आहे. पडक्या वाड्याच्या भिंतींत पुरलेला मोहरांचा हंडा, त्यावर वेटोळें घालून बसलेला नाग, डोळ्यांत अंजन घालून जमिनीखालचें पाहणारा पायाळू मनुष्य, ही सारी सामग्री आजीच्या गोष्टींतून आम्हां सर्वांस वारशानें मिळाली आहे. आणि आमच्यापैकीं बहुतेकांस वारशानें मिळालेलें गुप्तधन तेवढेंच. ह्या कथांची गोडी आम्हांसहि आहे. परंतु त्यांच्या मुळाशीं एक गृहीत आहे, आणि तें खरें कीं खोटें ह्याचा विचार कोणी टीकाकारानें केलेला आमच्या वाचनांत नाहीं. धन लपविणाऱ्याला तें लपवावयाचेंच होतें, हें तें गृहीत होय.

इसापच्या वृद्ध शेतकऱ्याची गोष्ट घ्या. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनीं १८२८ सालीं इसापनीति मराठींत आणली. इसाप आतां आमच्या घरांतलाच झाला आहे. हा शेतकरी मरतांना मुलांस सांगतो कीं, शेतांत धन पुरलें आहे. मुलें सारें शेत खणून काढतात. धन मिळत नाहीं, पण पीक भरघोस येतें. तात्पर्य उद्योगाचें आहे, तें असो. आमचें लक्ष दुसरीकडेच जातें. हा बाप मरणापूर्वीं मुलांस जवळ बोलावून धनाविषयीं बोलतो तरी! खोटें कां होईना, पण बोलतो. आमच्या मध्यमवर्गीय घरांतील बाप खरें असलेलेंहि बोलत नाहीं.

ह्या कथांकडे पुन्हा वळण्याचें कारण वाङ्मयीन नव्हतें. भंडारा जिल्ह्यांत, साकोली तालुक्यांत, एकोडी नांवाचें गांव आहे. तेथें आमचे एक चुलते राहत. ते गेले, आणि तेरवी आटोपल्यावर काकूंनीं एक लोखंडी पेटी आमच्यापुढें ओढून ठेवली. काका शाळामास्तर होते. थोडी धानाची शेती होती. व्यसन सुपारीचेंहि नव्हतें. तेव्हां कांहीं तरी शिल्लक असलीच पाहिजे, असा सर्वांचा तर्क. ती कोठें आहे हें मात्र कोणासहि ठाऊक नव्हतें. ‘त्यायनं कधी सांगतलं नाही, अन् मीनं कधी पुसलं नाही,’ एवढेंच काकू म्हणाल्या आणि चुलीकडे निघून गेल्या.

पेटींत सातबाराचे उतारे होते, खताच्या दुकानाच्या पावत्या होत्या, वीजबिलें आणि लग्नपत्रिका होत्या. तीन पासबुकें निघालीं. त्यांतील दोन बंद झालेल्या खात्यांचीं. आणि एक शाळेची वही होती. तिच्यांत काकांनीं तीस वर्षांचा व्यवहार आद्याक्षरांत लिहून ठेवला होता. ‘सा. ४०’, ‘पो. नवें’, ‘भा. सोडविलें’, अशा त्या नोंदी. जुन्या पोथ्यांचे पाठ लावण्याची थोडीफार संवय असल्यामुळें वही आमच्याकडे आली, आणि आम्हींहि ती मोठ्या ऐटींत घेतली. ‘पो.’ म्हणजे पोस्ट, हें उघड होतें. ‘सा.’ म्हणजे साकोली, असा आम्हीं निकाल दिला. चाळीस म्हणजे चाळीस हजार, आणि तेव्हां साकोलीच्या कोणत्या तरी बँकेंत चाळीस हजारांची ठेव आहे. पुतण्याला घेऊन दोन दिवस आम्ही त्या गांवच्या बँकांच्या खिडक्यांपुढें उभे होतों. कोठेंहि कांहीं नव्हतें.

खरी ठेवपावती निघाली ती पेटींतून नव्हे, ज्ञानेश्वरीच्या वेष्टनांतून. ती पाहून घरांत आनंद झाला, आणि लगेच मावळला. कारण नामनिर्देशनाच्या रकान्यांत काकांच्या आईचें नांव होतें, आणि ती माउली जाऊन पुष्कळ वर्षें झालीं होतीं. ठेव घातली तेव्हां काकू घरांत होत्याच. परंतु आई हयात असतां कागदावर बायकोचें नांव घालणें त्यांना बरें दिसलें नसावें. ठेवीची मुदत दर खेपेस वाढत गेली, नांव तेंच राहिलें.

ह्याच सुमारास रात्रीं वेळ घालविण्यासाठीं आम्हीं रवींद्रनाथांच्या दोन कथा पुन्हा वाचल्या. ‘सम्पत्ति-समर्पण’ ह्या कथेंतील यज्ञनाथ हा कृपण म्हातारा. वैद्याच्या महाग औषधाला पैसे न दिल्यामुळें सून मरते, मुलगा नातवाला घेऊन घर सोडतो. पुढें हा म्हातारा आपलें धन भुयारांत ठेवतो आणि त्याचें रक्षण करण्यासाठीं एका अनोळखी पोराला यक्ष म्हणून तेथें जिवंत कोंडतो. तो पोर त्याचाच नातू होता, हें त्याला मागाहून कळतें. ही कथा भयंकर आहे आणि थोर आहे. वारसापासून धन लपवितां लपवितां म्हाताऱ्याला वारसच ओळखूं येत नाहींसा होतो, हें कवीनें एका शब्दाचेंहि भाष्य न करतां दाखविलें आहे. दुसरी कथा ‘गुप्तधन’. तिच्यांत एक कूट श्लोक आहे, संन्यासी आहे, आणि सोन्यानें भरलेल्या तळघरांत कोंडलेला मृत्युंजय शेवटीं सोनें नको, आकाश पाहूं द्या, म्हणून आक्रोश करतो. पहिलीपुढें ही आम्हांस फिकी वाटते. कूटश्लोक ज्यानें रचला त्याला तो कोणी तरी उकलावा अशीच इच्छा असते. कोड्याला वाचक गृहीतच असतो. आमच्या हातांतल्या वहीला वाचक गृहीत नव्हता. ती लिहिणारा कांहीं लपवीत नव्हता. स्वतःशीं बोलत होता, एवढेंच. कृपणाच्या कथेनें अशा माणसाला न्याय मिळत नाहीं. काका यज्ञनाथ नव्हते. सुनेच्या बाळंतपणांत त्यांनीं बैलजोडी विकली होती.

कागदांच्या बाबतींत युरोपांतील ज्या लेखकावर आमचा भरंवसा, तो बाल्झाक. तारुण्यांत त्यानें वकिलाच्या व नोटरीच्या कचेरींत उमेदवारी केली होती, आणि दस्तऐवजाचा वास त्याच्या कादंबऱ्यांस शेवटपर्यंत येत राहिला. १८४१ सालच्या त्याच्या ‘उर्सूल मिरुए’ ह्या कादंबरींत हाच आमचा विषय आहे. वृद्ध डॉक्टर आपल्या पाळलेल्या मुलीसाठीं एक पत्र लिहून ठेवतो, आणि ज्याच्या हातीं असतील त्याचेच ठरणारे रोखे रोमन कायद्याच्या एका जाड ग्रंथांत घालून ठेवतो. मरतांना तो तिला जागा सांगतो. दाराआड उभा असलेला पुतण्या तें ऐकतो, पत्र जाळतो व रोखे लांबवितो. येथवर सारें कसें चोख आहे. रोख्याचा हा प्रकार आमच्या वाचकांसहि अपरिचित नाहीं. १९८६ सालीं सुरू झालेल्या इंदिरा विकास पत्रावर घेणाऱ्याचें नांवच नसे. तें नोटेसारखें हातोहात चाले, आणि हरवलें तर गेलेंच. १९९९ सालीं तें बंद झालें.

परंतु चोर धरावयाची वेळ आली कीं बाल्झाक काय करतो? तो मेलेल्या डॉक्टराचें भूत आणतो. भूत उर्सूलच्या स्वप्नांत येऊन चोरीचा सारा वृत्तांत सांगतें. कर्जरोख्याच्या व्याजाचा हिशेब दिडकीपर्यंत देणाऱ्या लेखकानें कथेची गांठ अशी सोडवावी, हा दोष आम्हांस पूर्वीं अक्षम्य वाटे. एकोडीला वही पुढें घेऊन बसल्यावर तो दोष राहिला, पण त्याचें कारण कळलें. जें एकट्या मृतालाच ठाऊक आहे तें मृतावांचून सांगणार कोण, ह्या प्रश्नाला बाल्झाकपाशींहि उत्तर नव्हतें.

आजच्या काळानें ह्या प्रश्नाला आपलें अंजन काढलें आहे. अंजन म्हटल्यावर जुन्या अंजनाचीहि आठवण ठेविली पाहिजे. गुप्तधन शोधण्याच्या मिषानें केलेलीं अमानुष कृत्यें महाराष्ट्राला कायद्यानें बंद करावीं लागलीं, आणि तीं २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचींत नमूद आहेत. नवें अंजन निरुपद्रवी आहे. ज्या खात्याला दहा वर्षें कोणी हात लावला नाहीं त्यांतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधींत जमा होते. हा निधि २०१४ सालीं स्थापन झाला, आणि मार्च २०२४ अखेर त्यांत ७८,२१३ कोटी रुपये होते. रक्कम तेथें गेली म्हणून बुडत नाहीं. खातेदारानें किंवा त्याच्या वारसानें केव्हांहि आपल्या बँकेकडे मागावी. अशीं खातीं हुडकण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें १७ ऑगस्ट २०२३ रोजीं ‘उद्गम’ नांवाचें संकेतस्थळ उघडलें. प्रारंभीं त्यावर सात बँका होत्या, मार्च २०२४ पर्यंत तीस झाल्या. मृताचें नांव घालावयाचें आणि जोडीला पॅन, मतदार-ओळखपत्राचा क्रमांक, जन्मतारीख ह्यांपैकीं कांहीं तरी द्यावयाचें.

आम्हीं तोहि प्रयोग केला. त्यांत अडचण आली ती नांवाची. काकांचें नांव पासबुकांत एका तऱ्हेनें, मतदारयादींत दुसऱ्या तऱ्हेनें, आणि शाळेच्या दाखल्यांत तिसऱ्याच तऱ्हेनें लिहिलें होतें. शिवाय ह्या अंजनाला सर्वच कांहीं दिसत नाहीं. पोस्टांतील बचत, पतसंस्थेंतील ठेव, भिशींतला पैसा हें त्याच्या दृष्टीबाहेरचें. आणि खेड्यांतल्या माणसाची पुंजी बहुधा तेथेंच असते. दहा वर्षें पुरीं न झालेलें खातें तर त्यांत यावयाचेंच नाहीं.

आणि खातें सांपडलें म्हणजे धन सांपडलें असेंहि नाहीं. नामनिर्देशन ज्याच्या नांवें तोच मालक, अशी आमच्याकडे सार्वत्रिक समजूत आहे, आणि तिच्यापायीं भावाभावांचीं तोंडें फिरलीं आहेत. आयुर्विम्याच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयानें ही समजूत १९८३ सालीं सर्बती देवी ह्यांच्या खटल्यांत खोडून काढली होती. शेअर व म्युच्युअल फंड ह्यांविषयींचा तोच निर्णय १४ डिसेंबर २०२३ रोजीं झाला, आणि तो ज्यांच्या मिळकतीवरून झाला ते होते कालनिर्णयकर्ते जयंत साळगांवकर. १९७३ पासून त्यांची दिनदर्शिका मराठी घराच्या भिंतीवर आहे. दुधाचा खाडा, गॅसची टाकी, मोलकरणीचा पगार, हे आमचे सारे हिशेब तिच्याच चौकोनांत लिहिले जातात. त्यांनीं २०११ सालीं मृत्युपत्र केलेलें होतें. २०१३ सालीं ते वारले. आणि नामनिर्देशित व्यक्ति मालक कीं केवळ विश्वस्त, हा प्रश्न दिल्लीपर्यंत जाऊन सुटावयास दहा वर्षें लागलीं. उत्तर असें कीं ती व्यक्ति रक्कम स्वीकारते. मालकी मृत्युपत्राप्रमाणें अथवा वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणें ठरते. कथाकारांच्या दृष्टीला हा ऐवज अद्याप पडलेला दिसत नाहीं. नाग आणि हंडा ह्यांच्याहून आम्हांस तो अधिक नाट्यमय वाटतो.

आतां आमच्या स्वतःच्या टीकेचें काय झालें तें सांगितलें पाहिजे. साकोलीहून हात हालवीत परतल्यावर काकूंची धाकटी बहीण भेटीस आली होती. आमचें ‘सा. ४०’ तिनें ऐकलें आणि ती हंसूं लागली. ‘सा.’ म्हणजे साकोली नव्हे, साडू! तिच्या यजमानांना बोअर खणण्यासाठीं काकांनीं चाळीस हजार उसने दिले होते, आणि ते फिटलेहि होते. मग ‘भा.’ काय? तेंहि तिला ठाऊक होतें. भाचीच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या, त्या सोडविल्या. दोन दिवस आम्ही अक्षरांशीं झटत होतों, आणि हीं अक्षरें ज्या माणसांचीं होतीं तीं माणसें आंतल्या घरांत भाकऱ्या भाजीत होतीं.

ह्या दृष्टीनें वर सांगितलेल्या कथा पुन्हा पाहिल्या म्हणजे त्यांतील एक उणीव एकदम डोळ्यांत भरते. शोध करणारे सारे पुरुष आहेत, आणि ज्ञान देणारे नाग आहेत, संन्यासी आहेत, भुतें आहेत. घरांतल्या बाईला कोणी विचारीत नाहीं. यज्ञनाथाची सून कथेच्या आरंभींच मरून जाते. उर्सूलला बाल्झाकनें डॉक्टराजवळ वर्षानुवर्षें ठेवलें, पण त्याच्या संवयींवरून तिनें एक तरी तर्क करावा हें त्याला सुचलें नाहीं. तें त्याला सुचतें तर भुताची गरज पडती ना. काकांनीं सांगितलें नाहीं आणि काकूंनीं विचारलें नाहीं, हें खरें. पण न सांगतांहि चाळीस वर्षांत जें कळतें तें त्यांच्यापाशीं होतें, आणि तें विचारण्याची बुद्धि आम्हांसहि झाली नव्हती.

त्या संध्याकाळीं वही आम्हीं काकूंच्या पुढें ठेवली. त्यांना वाचतां येतें, पण चष्मा लागतो. तो शोधण्यांत थोडा वेळ गेला. मग एकेका नोंदीवर बोट ठेवून त्या सांगूं लागल्या. ‘पो. नवें’ म्हणजे पोस्टांत नातीच्या नांवें उघडलेलें खातें. त्याचें पुस्तक तिच्या आईकडे गोंदियाला होतें. दोन नोंदी त्यांनाहि लागल्या नाहींत. शेवटच्या पानावर, काकांच्या आजारापूर्वींच्या दिवाळीची, ‘लु. राहिलें’ अशी एक नोंद होती. ती पाहून त्या थांबल्या.

‘लुगडं,’ त्या म्हणाल्या. ‘त्या साली घेवाचं राहिलं.’

ठेवीच्या अर्जाला वारसांचीं हमीपत्रें जोडून तो बँकेंत दिला आहे. वही काकूंनीं परत मागून घेतली. ती आतां ज्ञानेश्वरीच्या वेष्टनांत आहे.