अंकुश कुणाच्या हातात?

पवन मावळात आमची थोडी भातखाचरं आहेत. वडील आणि काका गेली सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण चार फुटांचा बांध. दोघंही वाईट माणसं नाहीत. पुण्या-मुंबईचे लोक बंगल्यांसाठी जागा शोधत आले, जमिनीला भाव आला, मोजणी झाली आणि इतकी वर्षं कुणाला न दिसलेले चार फूट दोघांनाही दिसायला लागले.

रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ वाचताना वतनदारांच्या भागापाशी मी म्हणूनच अडखळलो. पंत सांगतात की हे लोक आहेत त्यात समाधानी राहत नाहीत. शेजाऱ्याचं ओढून घेतात, बळ आलं की पुंडावा करतात आणि परचक्र आलं की वतन वाचवायला आधी शत्रूला जाऊन मिळतात. पण त्यांना मोडून काढा, असं पंत म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी हे राज्याचे भाऊबंदच. त्यांना फार सैल सोडायचं नाही आणि फार आवळायचंही नाही.

हे पुस्तकी ज्ञान नव्हे. 1674 च्या राज्याभिषेकावेळी पंत अष्टप्रधानांत होते. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा इकडचा कारभार त्यांच्याकडे आला. औरंगजेब वतनांचं आमिष दाखवून देशमुख फोडत होता, आणि त्यांना राखायला मराठ्यांनाही वतनं द्यावी लागत होती. माणूस किती रुपयांना फुटतो हे पंतांनी स्वतः पाहिलं होतं. ‘आज्ञापत्र’ त्यानंतरचं, साधारण 1715 चं, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने निघालेलं.

या ग्रंथाकडे आपण बहुतेकदा सुभाषितांची पेटी म्हणून बघतो. रयतेची आंबा-फणसाची झाडं आरमारासाठी जबरदस्तीने तोडू नका, हा भाग दर शिवजयंतीला मोबाईलवर फिरतो. मला त्यातला संशय जास्त मोलाचा वाटतो. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी, आणि ठरावीक वर्षांनी त्यांच्या बदल्या. का? तर माणूस एका जागी फार राहिला की ती जागा त्याला आपली वाटू लागते. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही स्वतः लिहिलेला कोड स्वतःच मंजूर करता येत नाही. तो नियम लिहिणाऱ्याला चोर ठरवत नाही. तो माणूस आहे, एवढंच गृहीत धरतो.

दगडाबाबतही पंत तितकेच सावध. किल्ल्याशेजारी बरोबरीचा डोंगर असेल तर सुरुंग लावून तो उतरवा, नाही जमलं तर तोही बांधून काढा. लोहगडाशेजारचा विसापूर लोहगडाहून उंच आहे. मार्च 1818 मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, आणि मग लोहगड लढलाच नाही.

1788 मध्ये अमेरिकेत जेम्स मॅडिसनने याच जागेवरून विचार केला. माणसं देवदूत नाहीत, तेव्हा एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने अडवावी. पंत हे 70 वर्षं आधी किल्ल्यापुरतं जवळपास सांगून गेले होते. पण मॅडिसन हाच नियम सगळ्यांत वरच्या माणसापर्यंत नेतो. पंत तिथे थांबतात. राजाने कसं वागावं याचा उपदेश भरपूर आहे, पण तो तसा वागला नाही तर काय? त्याला उत्तर एकच, प्रधान. राजा हत्ती, प्रधान अंकुश. आणि अंकुशाला कोण आवरणार?

इथे ग्रंथ गप्प आहे, आणि ती गप्प जागा लेखकाच्याच आसनाखाली आहे. चाकरी केली म्हणून वतनं-इनामं वाटू नका, त्याने राज्य झिजतं, असं सांगणाऱ्या पंतांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. 1714 मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांच्या मुलाला बाजूला सारून संभाजीराजे गादीवर आले. ग्रंथ निघाला तो त्यांच्याच नावाने. त्याच वर्षी आमच्या लोणावळ्यात बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांचा तह झाला. शाहू महाराजांच्या आधीच्या पेशव्याला कैद करून लोहगड घेतलेले आंग्रे त्याच शाहूंचे सरखेल झाले. बाळाजींनंतर पेशवाई त्यांच्या घराण्यातच राहिली. दोन पिढ्यांत अंकुशच माहूत झाला.

पंतांना ढोंगी म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. आपल्या काळातली बहुतेक माणसं त्यांनी स्वच्छ पाहिली. फक्त ती नजर स्वतःकडे वळली नाही. म्हणून ग्रंथ खोटा ठरत नाही. उलट त्याचं म्हणणं त्याच्या लेखकालाही लागू पडतं. आज तो वाचायचा तर आदर्श राज्याचा नकाशा म्हणून नको. नियम लिहिणाऱ्याने स्वतःला कुठे वगळलंय, ते शोधत वाचावा.

गेल्या महिन्यात वतनदारांचा तो भाग मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी लक्ष देऊन ऐकला. संपल्यावर हसले आणि म्हणाले, “हे तुझ्या काकाला वाचून दाखव.”