सांध्यावरची चांदी

तर मंडळी, आता पूलच्या क्यूच्या सांध्याकडे या. ब्रुकलिनच्या जॉर्ज बालाबुष्का (मृत्यू १९७५) यांची क्यू पाहा. मधे स्टेनलेस स्टीलचा सांधा, त्याला लागून बारीक नक्षीची कडी. स्टीलच्या वजनानं काठीचा तोल पुढे सरकतो, म्हणजे तो धातू खेळात उतरतो. कडी खेळत नाही. लाकूड इथे संपलं, एवढंच ती खरं सांगते.

माझी तक्रार आहे ती नंतरच्या हौसेबद्दल. चांदीच्या टाक्यांच्या कड्यांवर कड्या! बरं, प्रत्येक कडी म्हणजे इपॉक्सीचा आणखी एक जोड. लाकूड दमट हवेत फुगतं, चांदी फुगत नाही. जोड सुटला की फटक्याला काठी झणझणते. ते हाताला कळतं, डोळ्याला नाही. म्हणून काचेआडची क्यू बघून निकाल देऊ नका.