गावाबाहेर गेलेले मैदान

नाट्यगृहांवर, देवळांच्या शिल्पावर, क्वचित एखाद्या पडक्या वाड्यावरही आपल्याकडे टीकालेखन झालेले आहे. खेळाच्या मैदानावर मात्र कोणी लिहीत नाही. जे लिहिले जाते ते मैदानावरच्या खेळाडूंविषयी. वस्तुतः मैदान हीही एक रचना आहे. प्रेक्षकाला कोठे बसवावे, खेळाच्या किती जवळ येऊ द्यावे, आणि मुळात कोणत्या प्रेक्षकाने यावे, याविषयीचा एक निश्चित विचार त्या रचनेत असतो. कादंबरीकाराने जसा वाचक मनात धरलेला असतो, तसा मैदान बांधणाऱ्यानेही एक माणूस मनात धरलेला असतो. तो माणूस कोण, एवढेच मी पाहणार आहे. पाहावयाची मैदाने दोन: नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले जुने आणि वर्धा रोडवरच्या जामठ्याचे नवे. मी बुटीबोरीस राहतो. जामठा माझ्या घरापासून दहाबारा किलोमीटरच्या आत. तेव्हा मी अगदीच तिऱ्हाईत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर पहिला कसोटी सामना झाला तो १९६९ च्या ऑक्टोबरात. न्यूझीलंडसारख्या त्या काळी दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाने आपल्याला १६७ धावांनी हरवले. सुरुवात अशी अपशकुनी झाली तरी नागपूरकरांनी ते मैदान मनापासून आपले मानले. पुढे त्याच न्यूझीलंडविरुद्ध ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात चेतन शर्माने लागोपाठ तीन त्रिफळे उडवले, आणि सुनील गावसकरांनी अठ्ठ्याऐंशी चेंडूंत नाबाद १०३ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे ते एकुलते एक शतक. (नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंचा वाढदिवसही ३१ ऑक्टोबरच. योगायोगाला अर्थ नसतो, पण तो सांगितल्यावाचून राहवत नाही.) मी तेव्हा लहान होतो. त्या शतकाचे वर्णन मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की नागपुरातला प्रत्येक मनुष्य त्या दिवशी मैदानातच होता असे मानावे लागेल.

या मैदानाचा गुण कोणता? ते शहरात होते. विधानभवन, उच्च न्यायालय, कचेऱ्या, कडुनिंबाची झाडे, यांच्या मध्येच ते बसलेले. सीताबर्डीला उतरावे आणि माणसांच्या पाठीमागून चालू लागावे. वाट विचारावी लागत नसे. आत गेल्यावर गर्दी, धक्काबुक्की, ऊन. पण सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक हाकेच्या अंतरावर, आणि त्याला हाक मारली तर तो मान वळवीसुद्धा. आत न गेलेला मनुष्यही रस्त्यावरच्या पानठेल्यापाशी उभा राहून आरोळीवरून ओळखत असे, की चौकार गेला की गडी बाद झाला. जे तिकीट काढू शकत नव्हते त्यांनाही त्या मैदानात असा वाटा होता. बांधणाऱ्याने हे योजून केले असेल असे मी म्हणत नाही. पुष्कळदा कृतीतले चांगले कर्त्याच्या नकळतच घडते.

परंतु जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांनी २६ नोव्हेंबर १९९५ हा दिवस विसरू नये. त्या दिवशी पुन्हा न्यूझीलंडच समोर होता. जेवणाच्या सुट्टीत पूर्वेकडच्या गॅलरीची भिंत कोसळली आणि खेळ पाहावयास आलेली माणसे मेली. सामना मात्र पुढे पुरा झाला. मी त्या वेळी शाळेत होतो. धावफलक आणि मृत्यूची बातमी एकाच पानावर वाचताना जे वाटले, ते मला आजही नीट मांडता येत नाही. प्रेक्षकाला जवळ घेणारे मैदान प्रेक्षकाला सांभाळू शकत नसेल, तर त्या जवळिकीची किंमत फार मोठी झाली. नवे मैदान हवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. वाद आहे तो कोठे आणि कोणासाठी, एवढ्यापुरता.

येथे मुंबईचा दाखला उपयोगी पडेल. १९३७ पासूनचे ब्रेबोर्न असताना मुंबईने वानखेडे उभारले, ते तिकिटांच्या वाटणीवरून. सी. सी. आय. आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांचे जागांवरून बिनसले, आणि असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी नवे मैदान बांधून दाखवले. शेषराव आपले नागपूरकडचे, हे मुंबईकर सहसा सांगत नाहीत! १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिली कसोटी झाली. भांडण मोठे, ईर्ष्या मोठी. पण नवे मैदान उभे राहिले ते जुन्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. चर्चगेटला उतरणारा प्रेक्षक चर्चगेटलाच उतरत राहिला. लंडनलाही १९२३ सालचे वेम्बली पाडले आणि त्याच जागी २००७ मध्ये नवे उघडले. जुन्या जोड मनोऱ्यांसाठी लोक हळहळले खरे, पण त्यांची वाट बदलली नाही.

नागपूरने मात्र मैदान गावाबाहेर नेले. ६ नोव्हेंबर २००८ रोजी जामठ्यात पहिली कसोटी सुरू झाली. सौरव गांगुलीची ती शेवटची, आणि जेसन क्रेझा या ऑस्ट्रेलियन नवख्याची पहिली. त्याने बारा बळी घेतले, तरी सामना आपण १७२ धावांनी जिंकला. इतका ऐवज, आणि बाके कितीतरी रिकामी. कसोटी पाहणारा मनुष्य दुपारी कचेरीतून निसटून दोन तास येतो, चहापानानंतर डोकावतो. महामार्गावर पंधरावीस किलोमीटर कोण डोकावणार? जामठा बांधणाऱ्याच्या मनातला माणूस मोटारीतून, ठरवून, दिवसभरासाठी येणारा आहे. त्याची सोय उत्तम केली आहे. मैदान प्रशस्त, सीमारेषा लांब, खेळ स्वच्छ दिसतो. निर्दोष छपाईच्या पण दुपारी लवंडून वाचता न येणाऱ्या ग्रंथासारखे ते आहे.

खेळपट्टीचा स्वभावही मोठा चमत्कारिक. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव येथे ७९ धावांत आटोपला आणि आंतरराष्ट्रीय मंडळाने खेळपट्टीला निकृष्ट ठरवले. चार महिने जातात न जातात तोच, २०१६ च्या मार्चमध्ये, वीस षटकांच्या विश्वचषकात आपणच तेथे ७९ धावांत गुंडाळले गेलो.

आम्हा बुटीबोरीकरांची स्थिती याहून विचित्र. मैदान आमच्या वाटेवर आले. सामना असला की रस्ता तुंबतो, एमायडीसीतून सुटलेल्या पाळीचे लोक डोंगरगावापाशी अडकतात, आणि रात्री दिव्यांचा उजेड दुरून दिसतो. "गुरुजी, मॅच तं आपल्या दारात आली, पण आपण बाहेरच नं जी!" असे आमच्या शाळेचा शिपाई एकदा म्हणाला. टीकाकार म्हणून मी यात भर घालू शकत नाही.

तरी एक अपवाद नोंदवला पाहिजे. २०१९ च्या फेब्रुवारीत रणजीचा अंतिम सामना जामठ्याला झाला. अर्ध्या दिवसाची रजा काढून चौथ्या दिवशी मी पाच मुलांना घेऊन गेलो. समोर सौराष्ट्र. आदित्य सरवटेने चेतेश्वर पुजाराला शून्यावर बाद केले, आणि जवळजवळ मोकळ्या असलेल्या त्या प्रचंड वास्तूत विदर्भाच्या खेळाडूंची ओरड आम्हाला शब्दन् शब्द ऐकू आली. दुसऱ्या दिवशी विदर्भ ७८ धावांनी जिंकला. सरवटेचे सामन्यात अकरा बळी. पंचेचाळीस हजारांसाठी बांधलेले मैदान थोड्या माणसांत इतके बोलके व्हावे, हे मला अपेक्षित नव्हते. मुले परतताना टेम्पोत सरवटेच्या हाताची नक्कल करीत होती.

जुने मैदान अजून सिव्हिल लाइन्समध्ये आहे. २००७ नंतर मोठे सामने गेले, पण खेळ चालू आहे. आता मेट्रो खापरीच्या पुढे बुटीबोरीपर्यंत आणण्याचे काम मंजूर होऊन सुरू झाले आहे. ती धावू लागली म्हणजे जामठ्याला चालत आत शिरणारा प्रेक्षक मिळतो की नाही, हे कळेल. तिकिटाच्या खिडकीवर त्याला काय भाव सांगतात, त्यावर बरेचसे अवलंबून राहील.